मुलीचं नाव ‘तापी’ ठेवावं का?

शहादा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. मुलगी झालीय, बारसं आठ दिवसांवर आलंय. यजमानांच्या आजीचं नाव तापीबाई होतं, म्हणून मुलीचं नाव ‘तापी’ ठेवावं असं त्यांच्या मनात आहे. सासूबाई म्हणतात, वाहत्या पाण्याचं नाव नको. नणंद म्हणते, शाळेत ‘ताप’ म्हणून चिडवतील. यजमान म्हणतात, मग ‘तपती’ किंवा ‘तापसी’ करू. बहिणीचा आग्रह ‘रेवा’चा. नावाचा खरा अर्थ काय, आज ते कितपत चालतं आणि ठेवावं की नाही, एवढं त्यांना हवंय.

ताई, उत्तर आधीच सांगून टाकते. ठेवा. आणि ‘तापी’च ठेवा, तिचं चापूनचोपून केलेलं दुसरं रूप नको. कारणं सांगते, पण सासूबाईंचं म्हणणंही नीट ऐकून घ्या. त्यांच्या नकारामागचं खरं कारण वेगळं असावं असा माझा अंदाज आहे. त्याकडे शेवटी येते.

मी अमळनेर आणि चोपडा या दोन तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांवर 33 वर्षं काढली, त्यातली शेवटची 11 मुख्याध्यापिका म्हणून. दर जूनला पहिलीची नावं जनरल रजिस्टरमध्ये माझ्याच हातानं उतरली. वर्ग मोठा असला की हजेरी घेता घेता नाव जिभेवर कसं बसतं, पोरं त्याचं काय करतात आणि पाचव्या दिवशी ते नाव मूळचं राहतं की नाही, हे सगळं समजतं. निवृत्तीनंतर आजूबाजूच्या बारशांना मला मुद्दाम नाव विचारतात. तेव्हा हे पुस्तकी उत्तर नाही. अर्थाचा भाग सोडला तर बहुतेक रजिस्टरांतून आणि पाळण्यांजवळून जमा झालेलं आहे.

अर्थापासून सुरुवात करू, कारण नणंदबाईंचा मुद्दा तिथेच आहे. ‘तापी’ हा शब्द ‘तप्’ या धातूचा. तापणं, तापवणं, तेजानं झळकणं आणि तप करणं, हे सगळं त्या एका धातूत आहे. त्यातून तप निघालं, तपस्वी निघाला, सूर्याचं ‘तपन’ हे नाव निघालं, आणि हो, थर्मामीटरमध्ये मोजतो तो तापही निघाला. रोजच्या मराठीत त्यातला दुखण्याचा तेवढा अर्थ ठसठशीत राहिला. ‘डोक्याला ताप’ म्हटलं की तपश्चर्या कुणाला आठवत नाही.

पण हेच बघा, ‘प्रताप’ हाही त्याच घरातला शब्द. प्र अधिक ताप. अमळनेरचं प्रताप महाविद्यालय 1945 पासून उभं आहे, प्रतापशेठजींच्या नावाचं. आमच्या भागातल्या कितीतरी पिढ्या तिथून शिकून बाहेर पडल्या. ‘मी प्रतापला होतो’ असं छाती फुगवून सांगणाऱ्या एकाही माणसाला त्यात ताप ऐकू आलेला मी पाहिला नाही. प्रतापराव, प्रतापसिंग, प्रतापभाऊ सगळे चालतात. पोरीच्या नावात तीच दोन अक्षरं आली की मात्र आपल्याला क्रोसिन आठवतं. कान सवयीचे असतात, दुसरं काय.

आता नदीचं नाव असं का पडलं ते. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात मुलताई नावाचं गाव आहे. मूळ शब्द ‘मूलतापी’, त्याचं झिजून झालं मुलताई. तिथल्या कुंडापाशी नदी उगम पावते अशी श्रद्धा. तिथून बऱ्हाणपूरवरून ती आपल्याकडे येते, जळगाव, धुळे, नंदुरबार असे तिन्ही जिल्हे पार करून गुजरातेत शिरते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. एकूण लांबी सुमारे 724 किलोमीटर. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात, ही पश्चिमेला जाते, हे चौथीच्या पोरांना मी नकाशावर बोट फिरवून शिकवायचे. एका पोरानं विचारलं होतं, “बाई, ती उलटी का जाते?” मी म्हटलं, ती उलटी जात नाही, सूर्य मावळतो त्या बाजूला जाते. बापाच्या मागोमाग. भूगोल म्हणून हे उत्तर चूक. खरं कारण सातपुडा आणि दक्षिणेकडच्या डोंगररांगांमधली खचदरी. पण त्या पोराला तापीची दिशा जन्मात विसरायला होणार नाही.

बाप म्हटलं ते पुराणांच्या आधारानं. तापी ही सूर्याची लेक. भागवतात सूर्यपत्नी छायेची तीन अपत्यं सांगितलीत: शनी, सावर्णी मनू आणि तपती. यम आणि यमुना ही सूर्याची पहिली पत्नी संज्ञा हिची, म्हणजे तपतीची सावत्र भावंडं. म्हणजे आपली तापी यमुनेची बहीण आणि शनिमहाराजांची सख्खी बहीण लागते. (हे सासूबाईंना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. एका बारशाला मी कौतुकानं सांगितलं आणि आजेसासूबाईंनी तिथल्या तिथे दुसरं नाव काढलं.) सूर्यानं स्वतःच्या तेजाचा दाह शमावा म्हणून तिला निर्माण केलं, अशीही कथा सांगतात. त्या कथेनं बघितलं तर तापी म्हणजे ताप देणारी नव्हे, ताप हरण करणारी. मे महिन्यात भुसावळला राहून बघा, मग या अर्थाची किंमत कळते.

महाभारतातली तपतीची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. आदिपर्वात एक गंधर्व अर्जुनाला ‘तापत्य’ म्हणून हाक मारतो. अर्जुन म्हणतो, आम्ही कुंतीचे, कौंतेय. हे तापत्य कुठून आलं? तेव्हा गंधर्व त्याला त्याच्या मूळ आईची गोष्ट सांगतो. संवरण राजा शिकारीला गेला, भुकेनं-तहानेनं घोडा मेला, पायी भटकताना डोंगरावर त्याला तपती दिसली. ती म्हणाली, मी माझ्या मर्जीची नाही, वडिलांना विचारा. वडील म्हणजे साक्षात सूर्य. राजा तिथेच हात जोडून सूर्याची आराधना करत बसला. बाराव्या दिवशी वसिष्ठ आले, ते सूर्याकडे गेले आणि तपतीला मागून घेऊन आले. लग्नानंतर राजा बारा वर्षं तिच्यासोबत डोंगरातच राहिला आणि तेवढी वर्षं त्याच्या राज्यात पाऊस पडला नाही. वसिष्ठ दोघांना परत घेऊन आले, तेव्हा पाऊस आला. या तपतीचा मुलगा कुरू. ज्याच्या नावानं कुरुवंश आणि कुरुक्षेत्र ओळखतात, तो. म्हणजे कौरव-पांडव सगळे या सूर्यकन्येचे वंशज. दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला ही गोष्ट वेगळी ऐकू येते. तापी घरी आली आणि पाऊस आला.

पुढे पुराणांनी हीच तपती नदी केली. आषाढ शुद्ध सप्तमीला तापी जयंती असते, काठच्या गावांत ओटी भरतात, दिवे सोडतात. आणि तिच्याबद्दल एक म्हणणं आपल्याकडे घरोघर आहे: गंगेत न्हाल्यानं, नर्मदेच्या दर्शनानं आणि तापीच्या नुसत्या स्मरणानं पाप जातं. माझ्या मते खानदेशात एवढ्या तापीबाया का झाल्या, त्याचं उत्तर इथे आहे. लेकीचं नाव तापी ठेवलं की दिवसातून वीस वेळा हाक मारताना आपोआप स्मरण घडतं. जुनी माणसं हिशेबी होती. दळताना, कांडताना, गुरामागे जाताना काशी-प्रयागाला कोण जाणार? दारातल्या दारात पुण्य. माझी आई म्हणायची, “तापे, मेली कुठे उलथलीस” म्हटलं तरी पुण्यच लागतं.

आता सासूबाईंचं ‘वाहत्या पाण्याचं नाव नको’. हे त्या मनचं बोलत नाहीत, याला जुना आधार आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या मुलीशी लग्न करू नये याची यादी आहे. त्यात नक्षत्र, झाड, नदी, डोंगर, पक्षी, साप यांची नावं असलेल्या मुली येतात. दुसऱ्या अध्यायात बाईचं नाव कसं असावं तेही सांगितलंय: उच्चाराला सोपं, कठोर नसलेलं, अर्थ स्पष्ट असलेलं, शेवटी दीर्घ स्वर असलेलं. पारस्कर गृह्यसूत्र म्हणतं, मुलीच्या नावात अक्षरं विषम हवीत आणि शेवट आकारान्त हवा. या कसोट्यांवर तापी काही ठिकाणी पास, काही ठिकाणी नापास. उच्चार सोपा, शेवट दीर्घ. पण अक्षरं दोन, शेवट ईकारान्त, वर नदीचं नाव.

पण लोकांनी हे कधी पाळलं का? मनूचं ऐकायचं झालं असतं तर आमच्याकडच्या निम्म्या आज्या बिनलग्नाच्या राहिल्या असत्या. गंगाबाई, यमुनाबाई, गोदावरीबाई, नर्मदाबाई, भागीरथीबाई, चंद्रभागाबाई, सिंधूबाई, तापीबाई या झाल्या नद्या. तुळसाबाई, शेवंताबाई, कमळाबाई ही झाडं-फुलं. मैनाबाई, कोकिळाबाई हे पक्षी. रोहिणी, रेवती, अनुराधा ही नक्षत्रं. शास्त्रानं जे जे नको म्हटलं ते ते महाराष्ट्रानं हौसेनं ठेवलं, आणि या बायांनी संसार कसे ओढले ते आपण बघितलंय. खरं सांगायचं तर निसर्गातली नावं हीच मोठी भाग्याची समजायची. कारण त्याच रजिस्टरांत दुसऱ्या बाजूला सुपडाबाई, दगडू, उखर्डू असायचे. आधीची मुलं वाचली नाहीत म्हणून नव्या बाळाला सुपड्यात घातलेलं, उकिरड्यावर ठेवून उचललेलं. तिथे नाव म्हणजे मृत्यूला चकवा. ज्या घरात लेकीला तापी म्हणायची उसंत होती, तिथे तेवढं तरी निवांतपण होतं.

मग हे नाव गेलं कुठे? आपल्याकडे नावांची सरकारी क्रमवारी कुणी छापत नाही. मोबाईलवर ‘लोकप्रियता अमुक क्रमांक’ दिसतं, त्यावर जाऊ नका. मी माझ्या रजिस्टरांवरून सांगते. मी नोकरीला लागले तेव्हा पहिलीत सुनीता, संगीता, वैशाली, मनीषा होत्या; त्यांच्या दाखल्यावर आईच्या रकान्यात लता, कुसुम, सुमन, शकुंतला, आणि अंगठा देणाऱ्या आजीचं नाव तापीबाई, गंगूबाई. पुढे पूजा, अश्विनी, प्रियंका, शीतल, कोमल यांची लाट आली. त्यानंतर मयुरी, धनश्री, भाग्यश्री. आणि शेवटच्या काही वर्षांत ओवी, सई, आर्वी, इरा, अवनी, रेवा. तापी या संपूर्ण काळात मला पहिलीच्या हजेरीत एकदाच भेटली.

नाव मागे पडलं ते अर्थामुळे नाही. ‘बाई’मुळे. आपण तापी हे नाव एकटं कधी ऐकलंच नाही, ते तापीबाई असंच ऐकलं. त्यामुळे नाव उच्चारताच नऊवारी, कपाळावर गोंदण आणि तंबाखूची पिशवी डोळ्यांसमोर येते. सईबाई, रमाबाई, मीराबाई यांचंही तेच होतं. पण मुंबई-पुण्याच्या लोकांनी त्यांची ‘बाई’ काढून टाकली आणि सई, रमा, मीरा पुन्हा नव्या झाल्या. नर्मदाबाईचं तर त्यांनी आणखी चतुर काम केलं. नर्मदेचंच दुसरं नाव रेवा. आजी नर्मदाबाई, नात रेवा. नदी तीच, वय सत्तर वर्षांनी कमी. तापीसाठी हे कुणी केलं नाही, कारण तापी पुण्या-मुंबईच्या वाटेवर नाही. ती आपली आहे, आपणच करायला हवं.

आणि गंमत बघा, आज चालणाऱ्या नावांचा साचा कोणता? दोन अक्षरं, शेवटी ई किंवा आ, जोडाक्षर शक्यतो नाही. ओवी, जाई, जुई, सई. या रांगेत ‘तापी’ म्हणून बघा. खटकतं का? आर्वीपेक्षा सोपं आहे. आर्वीचा रफार पहिलीच्या पोरांकडून लिहून घेताना मला घाम फुटायचा.

आता त्या एका तापीची हकिकत, कारण तुमच्या नणंदेला वाटते ती भीती अगदीच खोटी नाही. पोरगी केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्या घरची. केस तेल लावून घट्ट वेणी, रिबिनी लाल. पहिल्या दिवशी मी हजेरीत नाव घेतलं, “तापी”, आणि मागच्या बाकावरून एकानं कपाळाला हात लावून आवाज काढला, “बाई, माले ताप शे!” सगळा वर्ग फिदीफिदी. दुसऱ्या दिवशी तेच. ती रडली नाही, नुसती पाटीवर बोटानं रेघा ओढत बसली. मी रागावले नाही. तिसऱ्या दिवशी हजेरी घेताना प्रत्येकाला विचारलं, तुझ्या आजीचं नाव काय? आजी नसेल तर पणजीचं. त्या आवाज काढणाऱ्याची आजी निघाली तापीबाई. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पुढे आठवडाभर चिडवणं कमी-जास्त चाललं, मग एका नव्या पोराचे दात पडले आणि वर्गाचा मोर्चा तिकडे वळला. पोरं कुणालाच सोडत नाहीत. ‘ओवी’ला ओव्याची पुडी म्हणतात, ‘अवनी’ला आवळा. ज्या नावाला चिडवता येत नाही असं नाव अजून मी पाहिलेलं नाही.

नाव बदललं ते पोरांमुळे नाही, मोठ्यांमुळे. तिसरीत असताना सुरतेहून कुणी नातेवाईक आले, ते म्हणाले, हे काय नदीचं नाव. झालं. आई अर्ज घेऊन आली, ‘तृप्ती’ करा. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी तोंडीच हो म्हटलं, हजेरीत तृप्ती आलं, जनरल रजिस्टरमध्ये मात्र तापीच राहिलं. जन्मनोंदही तापी. दहावीला प्रमाणपत्रावर एक, दाखल्यावर दुसरं. वीस वर्षांनी ती माझ्याकडे आली ती प्रतिज्ञापत्र आणि राजपत्राच्या कागदांची थैली घेऊन. मी रजिस्टर काढलं, तिला तो रकाना दाखवला. निळ्या शाईत माझ्याच अक्षरात ‘तापी’. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, बाई, हेच बरं होतं. आता त्याला अर्थ नव्हता. मुलांच्या कागदांवर आईचं नाव तृप्ती लागलेलं. म्हणून सांगते, ठेवायचं तर पूर्ण मनानं ठेवा. कागदावर तापी आणि तोंडात भलतंच, असं अर्धंमुर्धं नको.

यजमानांच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. ‘तापसी’चा नदीशी संबंध नाही, तो तापस या शब्दाचा स्त्रीलिंगी, तप करणारी बाई. नाव वाईट नाही, पण पणजीचं राहत नाही. ‘ताप्ती’ हे रूप साहेबाच्या काळातल्या स्पेलिंगमधून रेल्वेच्या पाट्यांवर आलं. सुरत-भुसावळ मार्गाला ताप्ती व्हॅली म्हणायचे. बोलताना आपण कुणी ताप्तीकाठी राहतो म्हणत नाही. ‘तपती’ शुद्ध आहे, महाभारतातलं आहे, कानाला गोड आहे. दुसरी मुलगी असती तर मी तेच सुचवलं असतं. पण खानदेशात ‘तपती’ म्हटलं की ‘ऊन किती तपतंय’ हेच आधी कानात येतं, म्हणजे तापापासून पळून पुन्हा तापातच. ‘रेवा’ सुंदर, अर्थ उसळत वाहणारी. नंदुरबारच्या उत्तर टोकाला नर्मदा आपल्याला शिवते, तेव्हा तीही परकी नाही. फक्त आता प्रत्येक बालवाडीत एक रेवा सापडते. नदीच हवी आणि तापी नकोच झाली, तर घरच्या नद्याही आहेत की: एरंडोलची अंजनी, शिरपूरची अरुणावती, चांगदेवला तापीला येऊन मिळणारी पूर्णा. पूर्णा मला फार आवडतं. गिरणा, पांझरा, गोमाई, वाघूर मात्र पोरीच्या नावाला नका सुचवू, वाघूर तर नकोच.

पत्रिकेचं अक्षर कुणी काढलंच तर, ‘ता’ हे स्वाती नक्षत्राच्या चौथ्या चरणाचं, रास तूळ. मुलीचं अक्षर दुसरं आलं असेल तर जन्मनाव पत्रिकेत वेगळं लिहा आणि व्यवहारात तापी चालू द्या. आपल्याकडे पूर्वापार असंच करतात, त्यात अडण्यासारखं काही नाही.

कागदाचं तेवढं सांभाळा. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. नोंदीत नाव राहिलं असेल तर 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, पुढे विलंबशुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. पण आता थांबू नका, कारण 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा धरतात. शिवाय महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. म्हणजे तुमच्या मुलीचं नाव चार शब्दांचं होणार. ते चारही एका दमात मोठ्यानं म्हणून बघा. लांब, जड नावांच्या गर्दीत दोन अक्षरांची तापी पुढे उभी राहते ती छान वाटते. इंग्रजी स्पेलिंग टी, ए, पी, आय एवढंच ठेवा. कुणी अंकशास्त्रवाला दोन ए घालायला सांगेल, त्याला चहा पाजून वाटेला लावा. एकच सूचना, इंग्रजीत हे नाव इंटरनेटवर शोधाल तर तुर्कमेनिस्तानहून अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे भारतात यायची एक गॅसची पाइपलाइन निघेल. घाबरू नका, तिचं नाव चार देशांच्या आद्याक्षरांवरून आहे. आणि शेजारी गुजरातेत 2007 पासून तापी नावाचा अख्खा जिल्हाच आहे, मुख्यालय व्यारा. तुमच्यापासून काही फार लांब नाही.

आता सासूबाई. ताई, तुमच्या यजमानांची आजी तापीबाई, म्हणजे सासूबाईंची सासू. जुन्या वळणाच्या बाईनं उभ्या आयुष्यात सासूचं नाव तोंडातून काढलेलं नसतं. माझ्या आईनं काढलं नाही. नदीला जायचं असलं तरी ती ‘मोठ्या पाण्यावर जाऊन येते’ म्हणायची, कारण माझ्या आजीचं नावही तेच. आता तुम्ही तेच नाव नातीला ठेवणार आणि सासूबाईंनी अंगणात उभं राहून “ए तापे, इकडे ये” म्हणायचं? वाहत्या पाण्याची शास्त्रं नंतरची. आधी जीभच वळणार नाही त्यांची. शिवाय त्या तापीबाईंनी त्यांना किती छळलं किंवा किती माया केली, हे तुम्हाला कुठे माहीत आहे? नाव ठेवायच्या आधी एकदा, घरात दुसरं कुणी नसताना, विचारून बघा की आजेसासूबाई कशा होत्या. सासुरवासाच्याच आठवणी निघाल्या, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि पूर्णा ठेवा.

पण त्या बोलता बोलता हसल्या, डोळे पुसले, तर काम झालं समजा. मग एक जुनी युक्ती आहे. ज्या नातीला पणजीचं नाव असतं तिला आजी नावानं हाक मारत नाही, ‘माय’ म्हणते. “माय, ये वं इकडे.” सासूचं नावही घेतलं जात नाही आणि मानही राहतो. माझ्या ओळखीच्या दोन घरांत हे चाललेलं मी बघितलंय. पाच वर्षांच्या पोरीला सगळं घर माय म्हणतं आणि ती तोऱ्यात फिरते.

आणि बारशाच्या दिवशी पाळण्यात नाव सांगायचा मान फुईचा, म्हणजे तुमच्या नणंदेचाच. तिला आदल्या रात्रीच जवळ बसवून ही गोष्ट सांगा, नाहीतर ‘कुर्रर्र’ झाल्यावर ती पोरीच्या कानात ‘रेवा’ म्हणून मोकळी होईल.